घरगुती चित्रगृहाचा संगणक : सुटे भाग निवडताना

टीव्हीला जोडून चित्रपट पाहण्यासाठी, व्याख्याने व संगीत ऐकण्यासाठी बाहेरच्या खोलीत ठेवलेला संगणक म्हणजे होम थिएटर पीसी. बोनसच्या किंवा सणाच्या उचलीच्या पैशातून असा संगणक जुळवून घेण्याकडे तरुणांचा ओढा दिसतो. बँकेत कर्जाच्या अर्जांना जोडलेली कोटेशने आमच्या नजरेखालून जातात. त्यांत गरज सिनेमा पाहण्याची आणि यादी मात्र गेम खेळण्याच्या संगणकाची, असे वारंवार आढळते. मोठे ग्राफिक्स कार्ड, त्याला पुरेल असा ६५० वॅटचा एसएमपीएस, रंगीत दिव्यांचे कॅबिनेट! हप्ते मात्र दोन-तीन वर्षे फेडावे लागतात. म्हणून पैसा कोणत्या भागावर घालावा व कोणत्यावर घालू नये, एवढाच विचार येथे करू.

प्रथम एक स्पष्ट सांगितले पाहिजे. घरात केवळ ओटीटीवरील मालिका व चित्रपट पाहायचे असतील तर संगणक घेऊच नये. टीव्हीतील अ‍ॅप किंवा टीव्हीला लावायची छोटी स्टिक हे काम कमी पैशांत करते, आणि चित्रही पुष्कळदा अधिक चांगले देते. कारण या कंपन्या नकलेच्या भीतीने संगणकावरील काही ब्राउझरना उच्च दर्जाचे चित्र देत नाहीत. ज्या घरात स्वतःजवळच्या फाइली, जुन्या सीडी-डीव्हीडी, कार्यक्रमांची चित्रीकरणे आहेत आणि त्याच यंत्रावर मुलांना अभ्यास, अर्ज भरणे, टायपिंगही करायचे आहे, तेथे संगणकाचा खर्च सार्थकी लागतो.

आता चित्रपट दाखवताना संगणक नेमके काय करतो ते पाहू. ४के चित्राच्या एका चौकटीत ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याला ३ बाइट धरले आणि सेकंदाला २४ चौकटी धरल्या, तर दर सेकंदाला जवळजवळ ६०० एमबी माहिती होते. एवढी माहिती कोणी साठवीत नाही. ती दाबून लहान केलेली असते. ४के ब्लू-रे तबकडीचा कमाल वेग सेकंदाला १२८ मेगाबिट, म्हणजे ८ ने भागता १६ एमबी. ही दाबलेली माहिती पुन्हा उलगडणे हेच खरे काम. त्यासाठी प्रोसेसरच्या आतील ग्राफिक्स विभागात खास रचना केलेली असते. ती असेल तर ६ वॅटचा प्रोसेसरही हसतखेळत ४के दाखवतो. नसेल तर महागडा प्रोसेसरही तापतो, पंखा घोंघावतो आणि चित्र अडखळते.

म्हणून दुकानदाराला ‘आय-५ आहे का, आय-७ आहे का’ असे विचारण्यापेक्षा ‘हा कोणते प्रकार उलगडतो’ असे विचारावे. २००३ चा एच.२६४ हा प्रकार बहुतेक सर्व यंत्रे उलगडतात. २०१३ चा एचईव्हीसी व त्याचा १० बिटचा उपप्रकार इंटेलच्या सातव्या पिढीपासून नीट चालतो. २०१८ मध्ये आलेला एव्ही१ अकराव्या पिढीपासून, म्हणजे २०२० नंतरच्या प्रोसेसरांत सापडतो. २०२३ मध्ये आलेला इंटेल एन१०० हा स्वस्त चार कोअरचा प्रोसेसर हे तिन्ही उलगडतो. त्यावरील मिनी पीसी हा आमच्या मते या कामासाठी सरळ मार्ग आहे. सुटे भाग घेऊन जुळवणार असाल तर इंटेलच्या क्रमांकाशेवटी ‘एफ’ अक्षर असलेला प्रोसेसर टाळावा. तो थोडा स्वस्त मिळतो खरा, पण त्यात ग्राफिक्स विभागच नसतो आणि मग कार्ड घेणे भाग पडते.

कचेऱ्यांतून निघालेले जुने छोटे संगणक हा दुसरा पर्याय. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ साठी साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे सातव्या पिढीच्या यंत्रांना भाव उरलेला नाही. लिनक्स व कोडी हा मोफत प्लेअर घालून ती चित्रपटांसाठी आजही उत्तम चालतात. २०२५ च्या उत्तरार्धात रॅमचे भाव फार चढले, हे पाहता रॅमसकट मिळणारे जुने यंत्र अधिकच परवडते. एक काळजी मात्र घ्यावी. या यंत्रांना पुष्कळदा एचडीएमआयऐवजी डिस्प्लेपोर्ट असतो. साध्या कन्व्हर्टरने ४के चित्र सेकंदाला ३० वेळाच उमटते. ६० साठी ‘अ‍ॅक्टिव्ह’ प्रकारचा कन्व्हर्टर मागावा. एचडीएमआय असल्यास ते २.० आहे की जुने १.४ हेही पाहावे. टीव्हीच जर फुल एचडी असेल तर या सगळ्याची चिंता नको.

रॅम ८ जीबी पुरे. विंडोज किंवा लिनक्ससाठी २५६ जीबीची एसएसडी घ्यावी, पण चित्रपट साध्या हार्ड डिस्कवर ठेवावेत. वर काढलेला १६ एमबीचा आकडा आठवा. चांगल्या स्थितीतील हार्ड डिस्क त्याच्या कितीतरी पट वेगाने वाचते.

विजेचा हिशेबही करावा. २० वॅटचे यंत्र रोज ४ तास चालले तर महिन्याला २.४ युनिट होतात. १०० वॅटच्या जुन्या टॉवरला १२ लागतात. शिवाय कमी वीज म्हणजे कमी उष्णता, आणि कमी उष्णता म्हणजे कमी आवाजाचा पंखा. संवाद हळू आवाजात चालला असताना पंख्याची घरघर किती खटकते, हे एका खोलीत राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

वाचलेला पैसा ध्वनीवर घालावा असे आमचे आग्रहाचे मत आहे. दहा बाय बाराच्या खोलीत सहा हलक्या स्पीकरांच्या धमधमाटापेक्षा दोन चांगले स्पीकर आणि साधा स्टीरिओ अ‍ॅम्प्लिफायर बरा. मात्र प्लेअरच्या सेटिंगमध्ये ध्वनी ‘२.०’ वर ठेवावा. तो ५.१ वर राहिला तर मधल्या स्पीकरसाठी असलेले संवाद हरवतात, आणि लोक स्पीकरलाच दोष देतात! तसेच चित्रपट २४ चौकटींचा आणि टीव्ही ६० वर असेल तर एक चौकट ३ वेळा, पुढची २ वेळा दिसते व कॅमेरा फिरताना झटके जाणवतात. कोडीत फाइलप्रमाणे टीव्हीचा वेग बदलण्याची सोय आहे, ती चालू करावी.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर जा किंवा आपल्या गावच्या डीलरकडे, पेन ड्राइव्हवर ४के एचईव्हीसी १० बिटची एक फाइल बरोबर न्यावी. ती लावायला सांगून विंडोजचा टास्क मॅनेजर उघडावा. जीपीयूच्या पानावर ‘व्हिडिओ डिकोड’चा आलेख वर चढला आणि सीपीयूचा खालीच राहिला, तर यंत्र कामाचे आहे. सीपीयू नव्वद टक्क्यांवर गेला तर पैसे खिशातच ठेवून पुढच्या दुकानात जावे.