शेरीफचं ऑफिस : पदं, कामं आणि नेतृत्व

'शेरीफ' म्हटलं की आपल्याला मुंबईचे नगरपाल आठवतात. ते मानाचं पद आहे. अमेरिकेतल्या शेरीफकडे मात्र खरी पोलिसी सत्ता असते. तिथे काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा भाग. बहुतेक काउंट्यांत शेरीफ लोकच मतदानाने निवडतात.

लॉस एंजेलिस काउंटीचं उदाहरण घेऊ. हा विभाग १८५० पासून आहे.

कामं कोणती?
• डेप्युटी : तुरुंग सांभाळणे, न्यायालयाची सुरक्षा, गस्त, तपास. नव्यांची सुरुवात बहुधा तुरुंगातच होते.
• वर्दी नसलेले कर्मचारी : प्रयोगशाळेतले तज्ज्ञ, कारकून वगैरे. म्हणजे विज्ञान आवडणाऱ्या मुलालाही इथे जागा आहे.

पदांची शिडी : डेप्युटी, सार्जंट, लेफ्टनंट, कॅप्टन, कमांडर, चीफ, असिस्टंट शेरीफ, अंडरशेरीफ.

शेवटची पायरी, म्हणजे शेरीफपद, बढतीने मिळत नाही. त्यासाठी मतं लागतात. २०१८ मध्ये अलेक्स व्हिलान्युएवा या माजी लेफ्टनंटने पदावर असलेल्या शेरीफला हरवलं. मधली सगळी पदं ओलांडून ते थेट प्रमुख झाले! २०२२ मध्ये त्याच मतदारांनी त्यांनाही घरी बसवलं आणि रॉबर्ट लुना यांना निवडलं.

आपल्याकडे जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक सरकार नेमतं. मग वर्गात हा प्रश्न जरूर विचारा : पोलीसप्रमुख नेमलेला बरा, की निवडून आलेला? निवडून आलेल्याला लोकांना उत्तर द्यावं लागतं, पण मतांसाठी तो कुणाला झुकतं माप देईल का? दोन्ही बाजूंनी बोलू द्या. नागरिकशास्त्र इथेच जिवंत होतं.