मिठी : तलावांच्या सांडव्यातून वाहणारी नदी

माजिवड्याच्या नाक्यावरून पश्चिमेकडे पाहिले असता येऊरच्या डोंगररांगा दृष्टीस पडतात. साष्टी बेटाचा हा कणाच होय. या डोंगरांच्या पूर्व उतारावर पडणारे पावसाचे पाणी ओढ्यांवाटे ठाण्याच्या बाजूने खाडीला मिळते. याच डोंगरांच्या दक्षिण भागातील पाणी मात्र तुळशी, विहार आणि पवई या तीन तलावांत साठते. त्यांच्या सांडव्यांवर पोसलेला लहानसा प्रवाह म्हणजे मिठी नदी.

हे तलाव निसर्गनिर्मित नाहीत. मुंबईची तहान भागविण्यासाठी १८५६ मध्ये विहारच्या बांधकामास प्रारंभ झाला व १८६० मध्ये ते पूर्ण झाले. तुळशी तलाव १८७९ मध्ये, तर पवई १८९१ मध्ये तयार झाला. तुळशी भरला की त्याचे जादा पाणी विहारकडे वळते. विहार आणि पवई यांचे सांडव्याचे पाणी एकत्र येऊन मिठीचा प्रवाह सिद्ध होतो. तेथून साकीनाका, विमानतळाचा परिसर, कुर्ला, कलिना व धारावी असा सुमारे १८ किलोमीटरचा प्रवास करून ती माहीमच्या खाडीत अरबी समुद्राला मिळते.

अशा नदीचा स्वभाव समजून घेणे अगत्याचे आहे. पावसाळ्याच्या आरंभी तलाव पाणी धरून ठेवतात. त्यामुळे डोंगरात पाऊस असूनही नदी काही काळ शांत भासते. तलाव काठोकाठ भरले, की त्यांची साठवण संपते आणि पुढच्या सरींचे पाणी थेट पात्रात उतरते. उन्हाळ्यात सांडवे कोरडे पडतात. मग पात्रात नैसर्गिक पाणी जवळजवळ नसते, उरते ते वस्तीचे व कारखान्यांचे सांडपाणी. खालच्या टप्प्यात समुद्राची भरती आत शिरते. डोंगरातून येणारा लोंढा आणि भरती यांची गाठ पडली, तर पाण्याला बाहेर पडण्यास वाटच उरत नाही.

२६ जुलै २००५ रोजी या स्वभावाचा दारुण प्रत्यय आला. सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच अवधीत कुलाब्यास जेमतेम ७३ मिलिमीटर पाऊस पडला. ज्या भागातून मिठी वाहते, नेमका तोच भाग या वृष्टीखाली सापडला. भरावामुळे आणि बांधकामांमुळे पात्र आधीच आक्रसले होते. कुर्ला, कलिना आदी वस्त्या पाण्याखाली गेल्या. उन्हाळ्यातील बारीक धारेवरून नदीचे माप घेण्याची चूक किती महागात पडते, हे त्या दिवशी दिसून आले. त्यानंतर शासनाने मिठी नदी विकास व संरक्षण प्राधिकरण स्थापन केले आणि पात्र रुंद व खोल करण्याची कामे हाती घेण्यात आली.

नदीचा खरा विस्तार तिच्या पुराच्या पाण्याने ठरतो. काठची मोकळी जमीन आणि मुखाशी असलेली खारफुटी हे तिच्या देहाचेच भाग होत. डोंगराच्या या बाजूस, माजिवड्याच्या परिसरातून खाडीकडे जाणाऱ्या ओढ्यांनाही हाच नियम लागू आहे. वर्षातील आठ महिने ते नाल्यासारखे दिसतात. उरलेल्या चार महिन्यांसाठी त्यांची वाट मोकळी ठेवणे, यातच काठावरील वस्तीचे हित सामावलेले आहे.