सालामांका : नव्वदीत मिटलेला क्लब

प्रश्न : स्पेनचा 'यूडी सालामांका' क्लब बंद का पडला? आज त्याचा वारस कोण?

उत्तर : कर्जापायी. 1923 साली स्थापन झालेला हा क्लब पहिल्या श्रेणीत 12 हंगाम खेळला. जानेवारी 1998 मध्ये एल्मांतिको मैदानावर त्याने बार्सिलोनाला 4-3 असे हरवले. पण देणी फिटेनात आणि जून 2013 मध्ये तो विसर्जित झाला. आज एल्मांतिकोवर 'सालामांका सीएफ यूडीएस' हा वेगळा क्लब खेळतो. चाहत्यांनी मात्र 2013 मध्येच सभासदांच्या मालकीचा 'युनियोनिस्तास' उभारला. कायद्याने जुन्या क्लबचा वारस कोणीच नाही. माझ्या मते मैदानापेक्षा माणसे मोठी, म्हणून माझे मत युनियोनिस्तासला. जानेवारी 2020 मध्ये त्यांच्या घरी चषकाचा सामना खेळायला खुद्द रेआल माद्रिद आला होता. युनियोनिस्तास 1-3 असे हरले, पण झुंजून.