बागेतील लाकडी खोपीचे छप्पर : उष्णता आणि ओल

बंगळुरू शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसले असल्यामुळे तेथील हवा सौम्य आहे, अशी त्याची ख्याती आहे. परंतु बागेच्या कोपऱ्यातील पत्र्याचे छप्पर असलेल्या लाकडी खोपीत एप्रिलच्या दुपारी शिरणाऱ्याला या सौम्यतेचा प्रत्यय येत नाही. खोपीत केवळ कुदळ-फावडी असतील, तर फारसे बिघडत नाही. पण बियाण्याच्या पुड्याही बहुधा तेथेच असतात आणि माळी दुपारी घटकाभर पाठ टेकतो तोही तेथेच. साठवणीचे तापमान सुमारे ५ अंश सेल्सियसने वाढले की बियाण्याचे आयुष्य निम्म्यावर येते, असा हॅरिंग्टन या अमेरिकन शास्त्रज्ञाने मांडलेला ठोकताळा आहे. म्हणजे ३० अंशांऐवजी सतत ४० अंशांत राहिलेले बियाणे चौथ्या हिश्शाइतकाच काळ टिकेल. म्हणून छपराचा विचार अगत्याने केला पाहिजे.

खोपी तापते ती मुख्यतः वरून. बंगळुरू सुमारे १३ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने २४ एप्रिल आणि १८ ऑगस्ट या तारखांच्या सुमारास मध्यान्ही सूर्य तेथे नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्या वेळी भिंतींवर ऊन जवळजवळ पडतच नाही. त्याचा सारा भार छपरावर येतो. ऑगस्टमध्ये बहुधा ढगांचा आडोसा असतो, एप्रिलमध्ये तो नसतो. २०१६ साली २४ एप्रिललाच शहरात ३९.२ अंश सेल्सियस तापमानाची नोंद झाली होती. विटांची जाड भिंत उष्णता बराच वेळ स्वतःत साठवून ठेवते. लाकडी फळ्यांत आणि पत्र्यात ते सामर्थ्य नाही. सूर्य वर येताच खोपी तापू लागते.

ही उष्णता खाली कशी उतरते, हे समजले की उपाय आपोआप सुचतो. पोलादाचा पत्रा उष्णतेला मुळीच अडवीत नाही. लाकूड बरेच अडवते, आणि स्थिर हवा तर लाकडाच्याही पाच-सहा पट अधिक अडवते. तापलेली हवा वर राहू पाहते, त्यामुळे छपराखालच्या पोकळीतून अभिसरणाने खाली येणारी उष्णता थोडीच असते. उरतो तो प्रारणाचा मार्ग. निखाऱ्याची धग समोर बसलेल्याला लागावी, त्याप्रमाणे तापलेला पत्रा खालच्या माणसावर उष्णता फेकीत असतो. म्हणून दोन गोष्टी साधावयाच्या : पत्रा मुळातच कमी तापावा आणि त्याची धग आत पोहोचू नये.

आपल्या जुन्या घरांना हे तत्त्व ठाऊक होते. बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरू येथे कौलांचा कारखाना काढला आणि तेथील कौले दूरदूरच्या घरांवर चढली. या कौलांखाली सपाट कौलांचा आणखी एक थर देण्याची पद्धत किनारपट्टीवर आहे. आपल्याकडील वाड्यांतील तक्तपोशीही हेच काम करते. दोन थरांमधील मोकळी जागा हेच त्यांतील खरे रोधक होय.

खोपीच्या बाबतीत कामाचा क्रम असा ठेवावा. प्रथम पत्र्याला बाहेरून पांढरा चुना द्यावा. पांढरा पृष्ठभाग उन्हाचा मोठा भाग परतवतो. चुना पावसाने धुऊन जातो, म्हणून दरवर्षी उन्हाळ्यापूर्वी हात फिरवावा. नंतर वाशांच्या खालच्या अंगाने काथ्याचे किंवा लाकडी लगद्याचे फलक ठोकून छत करावे. फलक व पत्रा यांत किमान ५ सेंटिमीटर पोकळी राहू द्यावी. या पोकळीत ॲल्युमिनियमचा वर्ख ताणून लावल्यास प्रारण बरेच रोखले जाते. वर्ख पत्र्याला किंवा फलकाला चिकटलेला नसावा आणि त्याची चकचकीत बाजू खाली असावी; वरच्या बाजूवर धूळ बसून तिचा गुण लवकर जातो.

येथे एक मोठी चूक होण्याचा संभव असतो. थंड देशांतील पुस्तके वाचून काही जण छपराच्या साऱ्या फटी बुजवितात. तेथे आतली ऊब बाहेर जाऊ नये, हा हेतू असतो. आपल्याला बाहेरची उष्णता आत यावयास नको असते. शिवाय डिसेंबर-जानेवारीच्या निरभ्र रात्री पत्रा आकाशाकडे उष्णता टाकून हवेपेक्षाही थंड होतो. आतील दमट हवा त्याला लागली की खालच्या अंगाला दव धरते आणि थेंब फलकांवर पडतात. भिजलेला रोधक उष्णता अडवीत नाही. वासे कुजू लागतात, आणि ओलसर लाकडाचा माग वाळवीला लवकर लागतो. यासाठी वळचणीला व आढ्यापाशी फटी ठेवाव्यात. वळचणीतून शिरलेली हवा पोकळीतून वर चढेल आणि दिवसा उष्णता, रात्री ओल घेऊन आढ्यातून निघून जाईल. उंदीर व गांधीलमाश्या येऊ नयेत म्हणून या फटींना बारीक जाळी ठोकावी.

थर्मोकोल स्वस्त व हलका असतो. पण तो चटकन पेट घेतो आणि उंदीर त्यात बिळे करतात. छप्पर ॲस्बेस्टॉस-सिमेंटच्या जुन्या पत्र्यांचे असेल, तर त्यांना भोके पाडू नयेत, ते घासू किंवा कापूही नयेत. त्यांतून उडणारे सूक्ष्म तंतू फुप्फुसांना घातक असतात. अशा ठिकाणी छत स्वतंत्र आधारावर उभारावे.

काम कितपत साधले, हे वाचकाला स्वतः पाहता येईल. एक तापमापक खोपीत माणसाच्या डोक्याच्या उंचीवर आणि दुसरा बाहेर दाट सावलीत टांगावा. दुपारी तीन वाजता दोन्हींची नोंद घ्यावी. कामाच्या आधी आठवडाभर व नंतर आठवडाभर असे केल्यास फरक आकड्यांत दिसेल. दोन्ही तापमापकांतील अंतर जितके कमी, तितके छप्पर चांगले. सावलीहून अधिक थंडावा छप्पर देऊ शकत नाही. पण झाडाखाली मिळणारी सावली त्याने माळ्याला आणि बियाण्याला दिली, म्हणजे त्याचे काम पुरे झाले.