ग्रीन झोन, यलो झोन आणि साठ दिवस

प्रश्न : माझी ४० गुंठे जमीन नगरपरिषद हद्दीत आहे, पण विकास आराखड्यात ती ग्रीन झोनमध्ये येते. लगतच्या दोन्ही गटांत घरे उभी आहेत. ही जमीन रहिवासी (यलो) झोनमध्ये घ्यावी म्हणून अर्ज देऊन १४ महिने झाले. पोच आहे, उत्तर नाही. साठ दिवसांत निर्णय आला नाही तर परवानगी मिळाल्यासारखीच असते, तेव्हा प्लॉट पाडा, असे एजंट म्हणतो. पाडू का?
— एक वाचक, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : पाडू नका, आणि कुणाकडून इसारही घेऊ नका. एजंट सांगतो ते ६० दिवस महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४५ मधले आहेत. ते बांधकाम किंवा रेखांकनाच्या परवानगीसाठी आहेत. शिवाय प्रस्ताव आराखड्याला आणि नियमावलीला धरून असेल तरच मानीव परवानगी मिळते. जमीन ग्रीन झोनमध्ये असेपर्यंत तुमचे प्लॉट आराखड्याविरुद्धच ठरतील. नोटीस येईल ती तुमच्या नावाने, एजंटच्या नव्हे.

झोनबदल होतो कलम ३७ खाली. त्यासाठी नगरपरिषदेचा ठराव लागतो, राजपत्रात सूचना लागते, हरकतींना एक महिना द्यावा लागतो, सुनावणी होते आणि शेवटी शासनाची मंजुरी. पुणे महापालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये कलम ३७ खालचे हे काम कायदा करण्याच्या स्वरूपाचे मानले. त्यामुळे इथे मौन म्हणजे संमती होत नाही. राजपत्रातील सूचनेपासून वर्षभरात प्रस्ताव शासनाकडे गेला नाही तर तो व्यपगत होतो. मग नव्याने आणावा लागतो. पण तुमच्यासारख्याच्या अर्जावर ठराव कधी घ्यायचा, याला या कलमात मुदतच नाही. सामान्य माणसाचा अर्ज कुजतो तो याच जागी. हा अन्याय आहे, आणि विधिमंडळाने ही उणीव भरून काढायला हवी.

आज काय करता येईल? माहिती अधिकारात विचारा : अर्ज सभेपुढे आला का, ठराव झाला का, फाईल कुणाच्या टेबलावर आहे? उत्तराला ३० दिवस. फाईल नगररचना कार्यालयात किंवा मंत्रालयात अडकली असेल तर दफ्तर दिरंगाईचा कायदा दाखवा. राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांनी ज्यासाठी आंदोलन केले तोच हा कायदा, १ जुलै २००६ पासून लागू. एका कर्मचाऱ्याकडे फाईल साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये. दुसऱ्या विभागाकडे जायची नसेल तर ४५ दिवसांत, जायची असेल तर तीन महिन्यांत निर्णय व्हावा, असे तो सांगतो. त्यातून झोन बदलून मिळत नाही, पण दिरंगाई करणाऱ्याला जाब द्यावा लागतो.

तरीही हालचाल नसेल तर उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात रिट याचिका करता येते. ठराविक मुदतीत निर्णय घ्या, असा आदेश मागा. निर्णय तुमच्याच बाजूने द्या, असे न्यायालय सहसा सांगत नाही.

आराखड्याची सुधारणा सुरू आहे का, हेही माहिती अधिकाराच्या त्याच अर्जात विचारा. असेल तर झोनबदल तिथेही मागता येतो : प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकत-सूचनेसाठी ३० दिवस मिळतात. ही मुदत मात्र तुमच्यावर आहे; लेखी हरकत देऊन तिची पोच घ्या.