आधी पगार, मग पद

दहावी-बारावीचे निकाल लागले की समुपदेशकांपुढे दरवर्षी तोच प्रश्न येतो : "पोराला पुण्याला ठेवावं म्हणतो, एमपीएससीला. किती वर्षं लागतील?" विचारणारा बहुधा दोन-तीन एकर कोरडवाहू जमिनीचा धनी असतो, नाहीतर ऊसतोड मजूर. घरातला एक जण साहेब झाला की पिढ्यांची गरिबी फिटेल, असा त्याचा हिशेब.

हा हिशेबच चुकलेला आहे.

स्पर्धा परीक्षांत गर्दी किती, ते एमपीएससीच्या केंद्रीय भावंडावरून बघा : यूपीएससीच्या २०२२ च्या नागरी सेवा परीक्षेसाठी ११ लाख ३५ हजार ६९७ अर्ज आले आणि निवड झाली ९३३ जणांची. सदाशिव पेठेतलं कॉटचं भाडं, मेस, अभ्यासिका आणि क्लासची फी यांची बेरीज पालक करतातही. पण तयारीच्या वर्षांत मुलानं जे कमावलं नाही, ते कुणीच धरत नाही. दुकानदाराच्या मुलाचे चार अटेम्प्ट वाया गेले तर तो गल्ल्यावर बसतो. मजुराच्या मुलाचे गेले तर डोक्यावर व्याज चढलेलं असतं, आणि तिशीजवळ आलेल्या पदवीधराला पहिली नोकरी द्यायला कुणी उत्सुक नसतं.

इंजिनिअरिंग-मेडिकलबद्दल इथे लिहायला नको, त्यांचे फलक प्रत्येक एसटी स्टँडवर आहेत. मुलींबाबत मात्र एक सांगायला हवं. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना शासनमान्य व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. बारावी होताच स्थळं बघायला निघालेल्या बापांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

आता ज्या वाटेचं नाव काढताच पालकांचा चेहरा पडतो, ती वाट : आयटीआय. "एवढं शिकवलं ते पाना फिरवायला?" हा टोमणा ठरलेला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि गरिबाच्या मुलानं कमवत शिकावं, हा पायंडा पाडला. त्याच महाराष्ट्रात मुलाच्या हाताला ग्रीस लागू नये म्हणून जमीन गहाण पडते, याला काय म्हणावं?

दहावीनंतर सरकारी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन किंवा फिटर हा दोन वर्षांचा ट्रेड करता येतो. त्यानंतर अप्रेंटिसशिप. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली तीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला शिकाऊ घ्यावेच लागतात. २०१९ च्या नियमांनी आयटीआय झालेल्याला महिना किमान सात हजार विद्यावेतन ठरवलं. रक्कम मोठी नाही, पण ती घरातून जाणारी नसून घरात येणारी आहे. पुढे महावितरणची विद्युत सहायकाची भरती आहे, रेल्वेत असिस्टंट लोको पायलट आहे. शिकायचंच असेल तर दोन वर्षांच्या आयटीआयवर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला आणि डिप्लोमावरून पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची सोय आहे. म्हणजे फिटरचा इंजिनिअर होऊ शकतो, तोही पगार घेत घेत. साहेबच व्हायचं असेल तर पदवीनंतर राज्यसेवा आहेच. खुल्या गटालाही त्यासाठी ३८ वर्षांपर्यंत मुभा आहे.

या वाटेवर खड्डे नाहीत, असं नाही. शिकाऊ मुदत संपल्यावर कायम करण्याचं बंधन कंपनीवर नाही, आणि शिकाऊंना स्वस्त मजूर समजणारे कारखानेही आहेत. काही खासगी आयटीआयमध्ये यंत्रांवर धूळ असते आणि हजेरी फक्त कागदावर.

म्हणून अर्ज भरण्याआधी बापलेकांनी कामाच्या दिवशी, न कळवता संस्थेत जावं. वर्कशॉप चालू आहे का बघावं. मागच्या तुकडीतली मुलं कोणत्या कंपन्यांत अप्रेंटिस लागली, त्यांची यादी प्राचार्यांकडे मागावी. ती दाखवायला टाळाटाळ झाली, तर दुसरी संस्था गाठावी.