धुतलेल्या काकड्या



गेल्या पावसाळ्यात भिसेगावजवळच्या वाडीतल्या ठाकर बायांना मीच सांगितले, "काकड्या धुऊन न्या, गिऱ्हाईक खूश होईल." शनिवारी धुतल्या, ओल्याच गोणीत भरल्या. रविवारभर पाऊस कोसळला. सोमवारी कर्जत स्टेशनबाहेर गोणी सोडली, तर निम्मा माल बुळबुळीत आणि नाक धरावे असा वास. त्यांची आठवड्याची कमाई माझ्या सल्ल्यापायी गेली.

ही मऊकूज. तिचे जिवाणू मातीत आणि सडक्या पाल्यात असतातच. अखंड साल त्यांना सहसा भेदता येत नाही. पण नखाचा ओरखडा, ओढून तुटलेला देठ किंवा फळमाशीने टोचलेले भोक त्यांना पुरते. आत गेले की पेशींना जोडून ठेवणारे पेक्टिन ते विरघळवतात, म्हणून गराचे पाणी होते. कांदा, बटाटा, कोबी यांनाही हीच कूज लागते. फळावर पांढरा कापूस दिसला, तर मात्र ती बुरशी; ती बहुधा ओल्या जमिनीला टेकलेल्या फळावर येते. वेल मांडवावर चढवण्याची वाडीतली जुनी रीत शहाणपणाचीच आहे.

सडू लागलेले फळ कोणत्याही औषधाने सुधारत नाही. फवारणीत पैसे घालू नयेत. काकडी उघाडीला, थोडा देठ राखून कापावी. चिखल कोरड्या फडक्याने पुसावा. डागी फळ त्याच दिवशी घरी शिजवावे, सडके बांधावर न फेकता खोल पुरावे.

गोणी आता बंद केली आहे. आपल्याकडे फळांचे जुने क्रेट पडून असतील तर जरूर द्या. फक्त धुऊन, उन्हात खडखडीत वाळवून.